दोनशे बारा नकार

नीलिमा पडघानच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती शेलूबाजारच्या सभेत, आणि मग काही केल्या उतरेना. आसेगावसह चार गावांच्या बचत गटांची ही अध्यक्ष, बारावी पास, तोंडानं फटकळ. राग आला की चारचौघांत बोलून मोकळी होणारी बाई. त्या दिवशी मात्र उलटून बोलली नाही. तिला ओळखणाऱ्यांनी तेव्हाच घाबरायला पाहिजे होतं.

झालं असं, की शेलूबाजारचा हरीओम पुण्याला कॉम्प्युटर शिकून आला आणि त्यानं मोबाइलवर गप्पा मारायचं ॲप काढलं, ‘ओसरी’. हे ॲप ब्लॉकचेनवर चालायचं. म्हणजे त्यातली प्रत्येक नोंद एकाच वेळी शेकडो कॉम्प्युटरांवर उमटणार, आणि एकदा उमटली की खुद्द हरीओमच्या बापालाही खोडता येणार नाही. त्यात काही बदल करायचा तर सभासदांनी मत द्यायचं, एका खात्याला एक मत. ऐकायला झकास! पण आत शिरायला दरवेळी बारा इंग्रजी शब्दांची किल्ली टाकावी लागे. पहिल्या महिन्यात अख्ख्या आसेगावातून तीन बायका शिरल्या, त्यातली एक नीलिमा.

मग ती हरीओमच्या मानगुटीवरच बसली. “भाऊ, आमच्या बाया लिहीत नाहीत, बोलतात. एक मोठं बटण द्या, दाबलं की बोलता आलं पाहिजे. अन् ते बारा शब्द रोज रोज कायले इचारता? एकदा घेतले की झालं.”

हरीओमनं ऐकलं. वर्षभरात चार गावांतल्या दोनशे बारा बायका ओसरीवर आल्या. कोणी भाजीचा भाव सांगे, कोणी सुनेचं गाऱ्हाणं, कोणी नुसतीच हसे. प्रत्येकीचे बारा शब्द नीलिमानं स्वतःच्या हातानं कागदावर उतरवून दिले आणि बजावलं, “हे कोणालेच दाखवायचं नाही, माह्यासारखीलेही नाही.” बायकांनी माना डोलावल्या आणि कागद तिच्याच हातात परत ठेवला. गटाची पासबुकं, शिक्के, सगळं अध्यक्षाच्या पेटीत राहतं. मग हे घरी ठेवून पोरांना फाडायला द्यायचं का? नीलिमानंही ते ठेवून घेतले.

आता ती सभा. ॲपमध्ये पैसे घालायचा विचार करणारे बाहेरगावचे पाहुणे आले होते. हरीओमनं नवा ठराव मांडला: पाच ओळखीच्यांना बोलावून आणल्याशिवाय बोलायचं बटण उघडणार नाही.

नीलिमा उठली. “बाया वैतागून सोडून जातीन, भाऊ.”

“आज तुमाले बरं वाटते म्हणून उद्या ॲप चालन का, ताई? नवी माणसं नाही आली तर दोन वर्षांत कुलूप लागते.”

इथपर्यंत ठीक होतं. खरं सांगायचं तर तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. पण मग पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाला, “ताईनं बायांना बटण दाबायले शिकवलं, तेवढं तिचं काम होतं. वाढ कशी करायची, हे तिच्या डोक्याबाहेरचं हाये.” आणि त्या मोठ्या बटणाचं काय? ते म्हणे त्याला जीपमध्ये बसल्या बसल्या सुचलं होतं! वा रे वा! लोक हसले. तिच्या शेजारची सुद्धा हसली.

मत द्यायला तीन दिवसांची मुदत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली आणि नीलिमानं गटाची पेटी उघडली. एक कागद घ्यायचा, बारा शब्द टाकायचे, ठरावापुढे ‘नको’ दाबायचं, बाहेर पडायचं, पुढचा कागद. बोटं दुखायला लागली तरी थांबली नाही. प्रत्येक ‘नको’ला हरीओमचं ते हसणं तिच्या डोळ्यांपुढे येई आणि अंगात नवा जोर चढे. काय सुख होतं त्यात, सांगता सोय नाही.

नवरा, प्रसेनजित, दारात उभा राहून बघत होता. “बायांना इचारलं का?”

“त्यायले काय इचारायचं? त्यायच्या भल्याचंच करून राह्यली ना मी. जिरवतेच आता त्याची.”

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. ठरावाच्या बाजूनं बाकीच्या सभासदांची एकशे चाळीस मतं, विरोधात दोनशे बारा. पाहुणे पैसे न घालताच परत गेले. नीलिमानं हरीओमला फोन लावला. “काय भाऊ, डोक्याबाहेरचं होतं ना?” तिनं त्या दिवशी घरात शिरा केला आणि दोनदा वाढून घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी लिलाबाई आली. गटातली सगळ्यात म्हातारी, घरात एकटी. फोन नीलिमापुढे धरून म्हणाली, “पोरी, काल परवा मत द्यायले गेली, तर हा फोन म्हणते, तुमचं मत दिलं गेलं आहे, नको. मी तर हात लावला नाही.”

“मी दिलं, मावशी. सगळ्यायचंच दिलं.”

“मले तर हो म्हणायचं होतं.” लिलाबाई खाली बसली. “पाच जणी आणायच्या म्हटल्यावर रिठदले दिलेली माही पोरगी ओसरीवर आली असती. तिले मी कवाची म्हणून राह्यली, ये म्हणून. आता फिरवता येत नाही का ते?”

नीलिमानं नकारार्थी मान हलवली.

“मत द्यायच्या आधी हरीओमचा फोन आला होता मले,” लिलाबाई म्हणाली. “म्हणे, मावशी, तुमाले काय वाटते? लय वेळ बोलला.” तिनं फोन पदरात गुंडाळला आणि भिंतीला धरून उठली. “तो वाईट असंन, बाई. पण त्यानं मले इचारलं तरी.”