बुंदी-खारीसाठी खोली

केडगावच्या केदारने एप्रिल महिन्यात एकवीस हॉटेलांना फोन केले आणि एकविसांनी त्याला नाही म्हटलं. बरं, सरळ नाही म्हटलं असतं तर माणूस गप बसतो. यातल्या निम्म्यांनी आधी हो म्हणून, कुत्र्यांचे फोटो मागवून, ते बघून मग नाही म्हटलं. ते फार झोंबतं.

तुम्ही म्हणाल, हॉटेलावाचून एवढं काय अडलं होतं? अहो, सगळंच अडलं होतं. केदार नागापूरच्या एमआयडीसीत अठरा वर्षं मशीनवर उभा आहे. बोलायला कमी, ओव्हरटाईमला पहिला. हाच ओव्हरटाईम त्याच्या संसाराच्या मुळावर आला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको यामिनी लेकीला घेऊन पुण्याला गेली ती गेलीच. ती वाईट बाई नव्हे हो. हा माणूस घरी नसतो, लेकीच्या एकाही गॅदरिंगला आलेला नाही, एवढंच तिने कोर्टात लिहून दिलं. वकिलाने विचारलं तेव्हा केदार म्हणाला, "खरंय ते." अशा अशिलापुढे वकील तरी कुठे डोकं आपटणार!

कोर्टाने ठरवून दिलं: मे महिन्यात एकदा, शुक्रवारी संध्याकाळी पाच ते रविवारी दुपारी बारा, मुलगी वडिलांकडे. आणि जूनमध्ये समुपदेशक बाई मुलीला विचारणार, बाबांकडे पुढे जायचंय का? मनवा दहा वर्षांची. ती नाही म्हणाली की विषय संपला.

गेल्या दिवाळीत ती आली होती, तेव्हा दोन्ही दिवस पायरीवर कुत्र्यांना कुशीत घेऊन बसली. बुंदी आणि खारी. बुंदी नर, खारी मादी, दोन्ही गावठी. केडगावच्या उड्डाणपुलाखाली पोत्यात बांधून टाकलेली ही पिल्लं मनवानेच घरी आणली, कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवली, नावंही तिनेच ठेवली. पुण्याच्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत, म्हणून ती इथे राहिली. लेकीचा जीव त्या दोघांत होता. बाप आपला चहा आणून देणारा एक माणूस. त्याला ते दिसत होतं आणि आतून कापत होतं.

मार्चमध्ये फोनवर ती म्हणाली, "बाबा, घाटाखालच्या त्या मोठ्या राईड्सच्या पार्कला नेशील? आमच्या वर्गातले सगळे जाऊन आलेत."

"नेतो की!"

"पण बुंदी-खारी हवीत. ती नसतील तर मी नाही येणार."

झालं! केडगावहून घाटाखाली उतरायचं म्हणजे पाच तास. एका दिवसात जाऊन येणं नाही, मुक्काम हवा. आणि मुक्काम कुत्र्यांसकट हवा. 'पेट फ्रेंडली' हा शब्द केदारने पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा उच्चारला आणि महिनाभर त्याचा जपच केला. पलीकडून पहिला प्रश्न एकच यायचा, "ब्रीड कुठलं?" हा सांगायचा, "गावठी." मग "सर, आमच्या पॉलिसीत बसत नाही." कुणी म्हणे फक्त छोटी, केसाळ चालतील. एकाने तर विचारलं, "म्हणजे रस्त्यावरची?" केदार म्हणाला, "आमच्या घरातली." तोवर फोन कट.

कारखान्यात त्याच्या शेजारच्या मशीनवर पाथर्डीकडचा बिभीषण. केदारची शिफ्ट लांबली की हाच घरी जाऊन कुत्र्यांना फिरवून आणायचा. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आरं, मे महिन्यात मानसास्नी खोली मिळंना, आन् तू कुत्र्यास्नी हुडकतोय! लई शाना हायेस." वर लगेच, "माझी व्हॅन ने. शीट खराब झालं तर झालं. आमी काय त्यात लगीन लावनार न्हाई."

व्हॅन मिळाली, खोली काही मिळेना. एप्रिल संपत आला आणि केदारची झोप उडाली. जेवायला बसला की दोन घासांनंतर ताट सरकवायचा. मशीनवर लक्ष लागेना, सुपरवायझरने दोनदा झापलं. शेवटी बाविसाव्या हॉटेलाला त्याने, आयुष्यात कधी नव्हे ते, धडधडीत खोटं सांगितलं. "लॅब्राडोर. दोन." खोली लगेच बुक! घरी येऊन त्याने बुंदीला उचलून गरकन फिरवलं.

पण घरात आप्पा होते. केदारचे वडील नृसिंहराव, वय चौऱ्याहत्तर, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. आप्पांच्या लेखी तोंडी गोष्ट म्हणजे झालेलीच नसते. दूधवाल्याला सुट्टी सांगायची तरी ते चिठ्ठी देतात. नात येणार, मुक्काम ठरलेला, आणि कागद एकही नाही, या विचाराने त्यांच्या जिवाची घालमेल झाली. केदार शिफ्टला गेल्यावर त्यांनी झकास अक्षरात पत्र लिहिलं, त्याचा फोटो काढला आणि हॉटेलच्या नंबरवर पाठवून दिला. "महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आमचेसोबत येणारी श्वाने एकूण दोन, जात गावठी. पैकी खारी ही तीन पायांवर चालते. चावण्याचा पूर्वेतिहास: एक प्रसंग, पोस्टमन, किरकोळ. तरी वरीलप्रमाणे नोंद घेऊन पोच द्यावी, ही विनंती."

पोच आली. खोटी माहिती दिल्यामुळे बुकिंग रद्द.

"आप्पा, काय केलंत हे!" केदार ओरडला. बापावर आवाज चढवायची त्याची ती पहिलीच वेळ.

"मी खोटं काय लिहिलं?" आप्पा म्हणाले.

केदार मोरीत गेला, नळ मोठा सोडला आणि बादलीशेजारी उकिडवा बसून रडला. लेकीला आता काय सांगायचं? कुत्री नाहीत म्हटलं की ती येणार नाही, आणि आता आली नाही की जूनमध्ये काय बोलणार ते उघडच होतं. खोली नाही म्हणजे लेक नाही, असा हा सरळ हिशेब होता आणि मध्ये फक्त चार दिवस उरले होते.

त्या चार दिवसांत त्याने लाजच सोडली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागे उभा राहून तो फोनवर फोन लावायचा, पलीकडचा कुणीही असो, त्याला विनवायचा. बुधवारी पार्कपासून दोन मैलांवरच्या एका छोट्या रिसॉर्टच्या मालकीणबाईंनी फोन उचलला.

"गावठी आहेत, मॅडम. एकीला पाय तीनच आहेत. पोस्टमनला चावलाय एकदा, तो दुसरा," केदारने एका दमात सांगून टाकलं.

बाई हसल्या. "चालतील की. आमच्याकडे पण तशीच आहेत तीन. फक्त आमची एक अट आहे, की तुम्ही बाहेर जाल तेव्हा..."

"मान्य! मॅडम, सगळं मान्य! तुमचे उपकार आयुष्यभर विसरणार नाही!" म्हणत याने फोन ठेवूनसुद्धा दिला. बाईंचं वाक्य राहिलं अर्ध्यात.

संध्याकाळी आप्पांनी दबकत विचारलं, "अटी काही आहेत का? लिहून घेतल्यास?"

"आप्पा, पाया पडतो. आता एक अक्षर लिहायचं नाही."

आप्पांनी पेन खिशाला लावलं.

शुक्रवारी आप्पांना पुढे बसवून निघाला आणि पुण्यात मनवाला घेतलं. व्हॅनचं दार उघडताच बुंदी-खारीने तिला अक्षरशः लोळवलं. ती हसत होती, ओरडत होती. केदार स्टिअरिंग धरून आरशात बघत राहिला. घाटात ट्रॅफिक तुंबलं, पोचेपर्यंत अंधार पडला, मनवा कुत्र्यांच्या गराड्यात झोपून गेलेली. हरकत नाही, त्याने मनाशी म्हटलं, उद्याचा अख्खा दिवस आपलाच आहे.

सकाळी टोपी-बिपी घालून तिघे निघाले. काउंटरवर मालकीणबाईंनी हात आडवा केला. "अहो, आणि कुत्री?"

"खोलीत आहेत. बांधलीत नीट."

"एकटी? फोनवर सांगत होते ना मी! तुमच्यातलं एक माणूस सतत त्यांच्याजवळ पाहिजे. मागे एका कुत्र्याने खिडकीतून उडी मारली. तेव्हापासून एकटं सोडू देत नाही मी."

केदारने डोक्यावरची टोपी काढली. आधी कळलं असतं तर बिभीषणला बरोबर घेतला असता, आनंदाने आला असता बिचारा. आप्पांनी लगेच काठी टेकली. "मी थांबतो. तुम्ही दोघं जा. मला काय करायचंय त्या पाळण्यांत?" लिहून घेतलं होतंस का, असं ते चुकूनही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं केदारला वाटलं.

बापलेक रिक्षाने पार्कच्या दारापर्यंत पोचले. गर्दी पाहून मनवाने आपणहून त्याचा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा! केदार रांगेत नुसता तो हात धरून उभा होता. वरून पाळण्यातल्या माणसांच्या किंकाळ्या येत होत्या, आणि मनवा त्याला सांगत होती, आधी हे, मग ते, मग पाण्यातलं. तिकिटं स्कॅन व्हायला चार माणसं उरली आणि फोन वाजला.

आप्पाच होते. मागून बुंदीचा आक्रोश ऐकू येत होता. "केदार, हा ऐकत नाहीये रे. पडदा फाडला. खारीने दार ओरबाडलंय. मला पाडलं त्याने. लागलं नाही, पण माझ्याच्याने धरवत नाही. बाई म्हणतायत, खोली खाली करा."

परक्या जागी कुत्र्यांना केदारच लागणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. खोली खाली केली तर तिघं माणसं आणि दोन जनावरं ऐन उन्हात रस्त्यावर. म्हणजे आत्ताच परत फिरायचं. म्हणजे मनवाचं पार्कही गेलं आणि जून तर गेलाच. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू गर्दीतून कुणी येऊन सोडवणार होतं. मग आप्पांना रिक्षाने बोलावून घेतलं. तेवढा वेळ मालकीणबाईंनी स्वतः कुत्री सांभाळली, देव त्यांचं भलं करो. रांगेतून बाहेर येऊन त्याने मनवाचा हात आप्पांच्या हातात दिला.

"तू नाही येणार?" मनवाने विचारलं.

"आप्पा आहेत ना. मजा कर." म्हातारा गुडघ्याचा पट्टा आवळत नातीबरोबर आत गेला. हा रिक्षात बसला आणि वाटभर तोंडावर रुमाल धरून राहिला.

सबंध शनिवार केदारने त्या खोलीत काढला. बुंदी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता. खारी पायाशी. जिच्यासाठी महिनाभर दारोदार फोन केले, ती लेक दोन मैलांवर, आणि आपण इथे, चार भिंतींत. यामिनीने कोर्टात लिहून दिलेलंच खरं, असं त्याच्या मनात आलं. ओव्हरटाईम नसतानाही आपल्याला लेकीबरोबर राहणं जमत नाही. त्याने दोनदा आप्पांना फोन करायला घेतला आणि दोनदा ठेवला. संध्याकाळी मनवा उन्हाने लालबुंद होऊन आली, कुत्र्यांना मिठी मारली, दोन घास खाल्ले आणि गाढ झोपली.

रविवारी बाराला पाच कमी असताना व्हॅन यामिनीच्या इमारतीखाली उभी राहिली. यामिनी खाली आलेलीच होती. मनवाने तोंडाचा पट्टा सोडला: आप्पा आजोबा बोटीत बसले, त्यांची टोपी पाण्यात पडली, तिने सगळ्यात उंच पाळणा दोनदा केला.

"आणि बाबा?" यामिनीने विचारलं.

"बाबा रूमवरच होता."

यामिनीने केदारकडे पाहिलं. त्या नजरेत रागही नव्हता, हेच वाईट. आप्पा काहीतरी सांगायला पुढे झाले, केदारने त्यांचा दंड धरला. सांगणार काय? लेक खोटं थोडंच बोलत होती?

मनवा बुंदीचे कान चोळत म्हणाली, "मम्मी, त्याने एकपण राईड नाही केली माहितीये? पुढच्या वेळी मी थांबणार यांच्याजवळ. बाबाला पाठवायचं."

"पुढच्या वेळी?"

"दिवाळीत. बाबा, आहे ना तुला सुट्टी दिवाळीत?"

केदारने हो म्हणून मान हलवली, एकदा, दोनदा, आणि मग हलवतच राहिला.