मंठ्याची घंटा

ज्ञानाच्या सेवेला आयुष्य वाहून घेतलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्या सगळ्यांत आमच्या साडूभाऊंना मी सर्वांत वरचं स्थान देतो. नव्वदच्या दशकात ते जालन्यात, विद्यापीठाच्या एका लहानशा केंद्राच्या ग्रंथालयात होते. तिथले पंखे, पाण्याचे रांजण, खुर्च्या, सायकल स्टँड, बॅगा ठेवायची खिडकी आणि भिंतीवरचं घड्याळ एवढं त्यांच्याकडे होतं. पुस्तकं दुसऱ्या माणसाकडे होती.

त्या दुसऱ्या माणसाची त्यांना कीव येई. "पुस्तकाचं काय, कपाटात घातलं की गप बसतं," ते म्हणत. "माणूस बसवणं अवघड हाय." रोज सकाळी वाचनकक्ष उघडण्यापूर्वी ते प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघत. डुगडुगणारी खुर्ची ते दुरुस्त करायला पाठवत नसत, राखून ठेवत. एक निवृत्त अधिकारी रोज पेपर वाचायला येत आणि अग्रलेखापर्यंत पोहोचायच्या आत घोरू लागत. त्यांना साडूभाऊ दारातून सन्मानानं आत आणून त्या खुर्चीवर बसवत. मान कलली की खुर्ची डुगडुगे आणि साहेब जागे होत. आपल्याला कायमची राखीव जागा मिळाली आहे, असं ते गावभर सांगत असत. पंख्याखाली पानं उडू नयेत म्हणून साडूभाऊंनी कुंडलिका नदीच्या पात्रातले गोटे आणून, धुऊन, प्रत्येक टेबलावर ठेवले होते. आणि पाणी. जालन्यात उन्हाळ्यात पाण्याबद्दल माणूस थट्टा करत नाही. रांजणापाशी कोणी आलं की साडूभाऊ ओगराळं हातात धरून आधी विचारत, "किती प्यायचं हाय?" एकदा संस्कृतीवर व्याख्यान द्यायला आलेले एक थोर वक्ते नम्रपणे म्हणाले, "घोटभर." साडूभाऊंनी त्यांना मोजून घोटभर दिलं. व्याख्यान नेहमीपेक्षा बरंच आटोपशीर झालं.

मी त्याच केंद्रात मराठी शिकवत असे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून घरी आम्ही दोघंही एकमेकांना साडूभाऊच म्हणत असू. ग्रंथालयात मात्र त्यांना राग आला की ते मला 'सर' म्हणत.

त्यांचं सगळ्यांत वादग्रस्त कार्य म्हणजे घड्याळ. त्याला कारण मुक्ता नावाची एक मुलगी. वाटूर फाट्याच्या पुढच्या एका खेड्यातून ती एम. ए.साठी रोज एसटीनं अप-डाऊन करायची. परत जायला मंठ्याची पाचची गाडी. ती चुकली तर पुढची गाडी तिला अंधार पडल्यावर फाट्यावर उतरवणार, आणि तिथून गाव चांगलंच आत. एका हिवाळ्यात ती गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी तिचा चुलता तिच्याबरोबर आला. उंच, शांत माणूस. त्यानं वाचनकक्ष बघितला, पाणी प्यायला आणि साडूभाऊंना म्हणाला, "जागा चांगली हाय. एकदा झालं ते झालं. पुन्हा पोरगी अंधारात उतरली, तर नाव काढून घेऊन जातो."

दुसऱ्या कोणी ही त्या घरची गोष्ट म्हणून सोडून दिली असती. साडूभाऊंनी ती आपल्या खात्यातली त्रुटी धरली. "पोरीची चूक न्हाई," ते मला म्हणाले. "आपलं घड्याळ रेडिओवर चालून राह्यलं, अन् स्टँडचं आपल्या मनानं." त्यांनी सायकल काढली, बसस्थानकावर जाऊन कंट्रोलरच्या खोलीतलं घड्याळ पाहिलं आणि आमचं घड्याळ पुढे करून त्याच्याशी जुळवलं. व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगला आणि रोज पावणेपाचला त्यावर लोखंडी दांड्यानं टोले द्यायला सुरुवात केली. संचालकांनी त्यांना बोलावून सांगितलं, की विद्यापीठाचं घड्याळ आकाशवाणीप्रमाणेच असलं पाहिजे. साडूभाऊ म्हणाले, "बराबर हाय साहेब. पण आकाशवाणी कोणाला मंठ्याला नेऊन सोडत न्हाई."

त्या दिवसापासून साडूभाऊंना नोकरीत कायम करण्याचा कागद संचालकांच्या टेबलावरच्या काचेखाली जाऊन बसला.

मग समिती आली. केंद्राची तपासणी करून, ते चालू ठेवण्याच्या लायकीचं आहे की नाही, हे ती ठरवणार होती. एप्रिल होता. मुक्ताची परीक्षा तोंडावर आली होती. त्या सकाळी साडूभाऊंच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, स्वतः आमच्या घरी आल्या. एरवी त्या निरोप पाठवत.

"दाजी, एवढा एक दिवस त्यांना घंटेपाशी जाऊ देऊ नका. साहेबांचं डोकं फिरलं तर त्या कागदाचा चुरगळा होईल. पोरं मोठी होऊन राह्यली, अजून किती दिवस टेंपररी म्हणून काढायचे?"

मी शब्द दिला. शब्द देताना तो कसा पाळायचा याचा विचार करायचा असतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

समिती तीनला येणार होती. भरलेला वाचनकक्ष तिला दिसावा, अशी संचालकांची योजना होती. त्यासाठी वसतिगृहातली मुलंही आणून बसवली होती. वाणिज्य शाखेचा एक पैलवान मुलगा जाडजूड संस्कृत कोश उघडून त्याच्याकडे संशयानं बघत होता. "समिती येऊन जाईपर्यंत एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये," असं जाहीर झालं. दारावर शिपाई उभा राहिला. संचालकांनी घंटेचा दांडा स्वतःच्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली.

तीन वाजले, साडेतीन वाजले. समिती नव्या जालन्यात एका व्यापाऱ्याकडे जेवत होती आणि जेवण संपत नव्हतं. चार वाजले. डोक्यावर पंखे घरघरत होते. समितीसाठी आणलेल्या हारांवर मी दोनदा पाणी शिंपडलं. सव्वाचारला मुक्तानं एकदा घड्याळाकडे पाहिलं. साडेचारनंतर ती दुसरीकडे कुठे बघेना. तिनं पुस्तक मिटलं, वही मिटली, पेनाला टोपण लावलं, आणि उठून दाराशी गेली. शिपायानं हात आडवा केला. संचालक गोड आवाजात म्हणाले, "बेटा, पाचच मिनिटं. केंद्राच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"सर, माझी गाडी—"

"गाड्या रोजच्याच आहेत. बस."

ती परत येऊन बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. साडूभाऊ खांबाला टेकून तिच्याकडे बघत उभे होते. मी त्यांच्याजवळ सरकलो.

"साडूभाऊ, आज राहू द्या."

"काय राहू द्या, सर?"

मला 'सर' म्हणाले.

"ताईंनी सांगितलंय."

"तिनं घंटेचं सांगितलं असंल. घंटेचा दांडा तर साहेबांच्या कपाटात हाय. मंग तुम्ही बिनघोर ऱ्हा ना."

असं म्हणून ते निघाले, पण व्हरांड्याकडे नाही, आत, बॅगांच्या खिडकीकडे. घंटा अगदी उलट बाजूला होती. मला हायसं वाटलं. तेवढ्यात पंखे थांबले.

जालन्याच्या एप्रिलमध्ये, पत्र्याच्या छपराखाली, पंख्याशिवाय विद्येची ओढ किती वेळ टिकते, हे मी त्या दिवशी पाहिलं. आधी पैलवानानं कोश मिटला. मग कोणीतरी "लाइट गेली" म्हणालं, आणि सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. दारावरचा शिपाईच सगळ्यांच्या आधी झाडाखाली गेला. संचालक "बसा, बसा" म्हणत होते, पण घाम पुसता पुसता तेही व्हरांड्यात पोहोचले होते. खिडकीवर मंठ्याकडच्या मुलामुलींच्या बॅगा आधीच ओळीनं काढून ठेवलेल्या. मागे साडूभाऊ उभे.

"मंठावाले, जल्दी. बाकीच्यांनी सावकाश. ढकलू नका रे, पुस्तक तिथंच ठेव, पळून जात न्हाई ते."

मुक्तानं बॅग घेतली. फाटकापर्यंत ती चालत गेली. फाटकाबाहेर पडल्यावर पळाली.

त्याच फाटकातून पाठोपाठ समितीची पांढरी गाडी आत आली.

हार घालून झाले. संचालकांनी समितीला वाचनकक्षात नेलं. रिकाम्या खुर्च्या, उघडी पुस्तकं, प्रत्येक पुस्तकावर एक गोटा. "लाइट गेली सर," संचालक म्हणाले. "आमच्याकडे हा फार प्रॉब्लेम आहे. नाहीतर आत्ता इथे पाय ठेवायला—"

आणि पंखे सुरू झाले. काम झाल्यावर वस्तू होती तशी करून ठेवायची, ही साडूभाऊंची शिस्त.

अध्यक्षांनी पंख्याकडे पाहिलं, मग बटणापाशी उभ्या असलेल्या साडूभाऊंकडे. "लाइट गेली होती ना?"

"न्हाई साहेब. बराबर होती. मीच बंद केल्ती."

"का?"

"मंठ्याची गाडी सुटायची वेळ झाल्ती."

मी टेबलावरचा एक गोटा उचलून नीट न्याहाळला. संचालकांच्या चेहऱ्याकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. मग अध्यक्षांनी सावकाश मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि संचालकांना विचारलं, "आमची रेल्वे कधीची आहे हो?"

संचालक फायलीत शोधू लागले. उत्तर साडूभाऊंनी दिलं. "तुमच्या गाडीनं परभणी कधीच सोडली असंल. मधी रेल्वेचं फाटक लागतं. आत्ता निघाला तर मिळंल. चहा घेतला तर बिलकुल मिळणार न्हाई."

समितीनं चहा घेतला नाही. जाता जाता तिघांनी रांजणातलं पाणी मागितलं. तिघांनाही "किती प्यायचं हाय?" असं विचारण्यात आलं. पुस्तकांच्या दालनात झाडून-पुसून उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या माणसाकडे कोणी फिरकलंच नाही. पुढे अहवाल आला. त्यात वाचनकक्षाबद्दल लिहिलं होतं, की शांतता उल्लेखनीय, वाचकांची ये-जा सुरळीत, पंखे चालू. केंद्र टिकलं.

मुक्ताला गाडी मिळाली. तिनं परीक्षा दिली आणि पुढे परतूरकडे एका शाळेत शिक्षिका झाली. संचालकांनी तो कागद काचेखालून काढून खणात टाकला. ताई माझ्याशी उन्हाळाभर बोलल्या नाहीत. साडूभाऊंशी बोलल्या, पण भाकरी किती एवढंच. पुढच्या वर्षी नवे संचालक आले. त्यांनी साठलेल्या सगळ्या कागदांवर न वाचता सह्या केल्या, आणि साडूभाऊ कायम झाले.

निवृत्तीनंतरही आमच्याकडे आले की ते आधी आमच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे करून ठेवत. ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. घड्याळ मी तसंच ठेवलं आहे.

त्यांची शोकसभा त्याच वाचनकक्षात झाली. मुक्ता मुद्दाम परतूरहून आली होती. समितीच्या वेळचे ते जुने संचालक बोलत होते. ज्ञानयज्ञ, समिधा, तेवणारा दीप असं सगळं येऊन गेलं होतं, आणि तेवढ्यात व्हरांड्यात शिपायानं रोजची घंटा दिली. पावणेपाच. संचालक थांबले. त्यांनी मान खाली घातली, सभेला वाटलं, श्रद्धांजलीचीच वेळ झाली, आणि सगळे उभे राहिले. मुक्ता माझ्याकडे बघत होती. मी घड्याळाकडे बघत होतो. नंतर संचालकांनी सद्गदित होऊन सांगितलं, की ही केंद्राची जुनी परंपरा आहे, आणि साडूभाऊंच्या स्मरणार्थ ती एक दिवसही खंडित होऊ दिली जाणार नाही.

मंठ्याची गाडी आता साडेचारला सुटते.