मी शिवलेली फीत

तुमच्या घरातल्या मेलेल्या माणसाला तुम्ही कधी बढती दिली आहे का? शिपाई असलेल्या आजोबांना पाहुण्यांसमोर हेडक्लार्क केलंत, असं काही? मी दिली आहे. तीही शेजारच्या घरातल्या माणसाला, सुईदोऱ्याने.

मी जुने लष्करी शर्ट जमवते. म्हसळा आणि बोर्ली पंचतन यांच्या मधलं आमचं गाव. वस्तीतल्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी फौजेत गेलेलं. माणूस गेल्यावर शर्ट ट्रंकेत पडून राहतो, खाऱ्या हवेने पितळी गुंड्या हिरव्या पडतात, बगलेत बुरशी धरते. मी तो मागून आणते, मऊ ब्रशने झाडते आणि कोणाचा, कुठल्या काळातला, हे ओळखते. कॉलरच्या आतला शिक्का, खिशाच्या झाकणाचा काप, गुंडीची जात, सगळं बघायचं. सगळ्यात जास्त सांगते ती बाही. जिथे हुद्द्याची फीत वर्षानुवर्षं असते, तिथलं कापड उन्हापासून वाचतं. फीत काढली तरी तिच्या आकाराचा गडद ठसा आणि सुईची भोकं मागे राहतात.

वडील शिक्षक, पण घरात पाठ्यपुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले, उद्गारचिन्हांसकट. आमचे लोक लढवय्ये होते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

यंदा जयंतीला विहारात शर्टांचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. अकरा शर्ट जमले होते. बारावा शेजारच्या आत्याने आणून दिला, साडीच्या दुकानाच्या पिशवीतून. आत्या ऐंशीच्या घरातली. नात्याने कोणाचीच नाही, पण सगळी वस्ती तिला आत्या म्हणते.

"माज्या बापाचा हाय," ती म्हणाली. "बग, तुज्या रांगेत बसतोय का."

"कुठल्या पलटणीत होते?"

"मिल्ट्रीत." एवढं बोलून ती गेली. कुकर लावून आली होती.

हिरवट सुती शर्ट. दोन्ही बाह्या वरपासून खालपर्यंत सारख्याच विटलेल्या, एक भोक नाही. खांदे मात्र कॉलरपर्यंत विरलेले. आमच्या वस्तीतले निवृत्त सुभेदारकाका प्रदर्शनाला मदत करत होते. त्यांनी शर्ट हातात घेतला आणि लगेच म्हणाले, "ह्यो फॉलोअरचा."

"म्हणजे?"

"फौजेबरोबर जाणारे. भांडीवाला, न्हावी, धोबी. आपला मानूस म्हनजे बहुतेक सफाईवाला. ह्यांना फीत नसते."

मी भडकले. "काका, आपल्याच माणसाच्या हातात तुम्ही झाडू देताय?"

"मी कुठं देतोय? सरकारनं दिला व्हता. मी नुसता वळखला."

"आणि हे खांदे? बंदुकीच्या पट्ट्याने झिजलेत."

काका हसले. "बंदूक काय दोन्ही खांद्यांवर टांगतात, मॅडम?"

त्यांचं बरोबर होतं आणि ते मला कळत होतं. पट्ट्याची झीज अरुंद असते, एका बाजूला असते. ही रुंद होती. पण दारावर मी स्वतःच रंगवलेला फलक लागला होता, 'आमचे लढवय्ये', आणि त्याखाली सफाईवाला ही कल्पना मला सहन होईना. माझ्या डब्यात मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली तीन पट्ट्यांची फीत होती, हवालदाराची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती उजव्या बाहीवर शिवली. नवी वाटू नये म्हणून आधी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली. कार्डावर लिहिलं, 'हवालदार, आघाडीवर लढलेले'. कुठली आघाडी ते लिहिलं नाही, कारण मला ठाऊक नव्हतं. काकांनी कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्च्या मांडायला निघून गेले.

जयंतीला गर्दी झाली. पोरींनी त्या शर्टाला सलाम ठोकून फोटो काढले. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुक्याच्या ग्रुपवर फिरत होता. आत्या आली, शर्टासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला वाचता येतं. मग ती घरी गेली.

दुसऱ्या सकाळी मी शर्ट परत द्यायला गेले. ती पडवीत तांदूळ निवडत होती.

"हा कुनाचा?" तिने सूप खाली ठेवलं.

"तुमच्या बाबांचा, आत्या."

"माज्या बापाला फीत कदी व्हती?"

मी काहीतरी पुटपुटले. समाजाचा मान, नव्या पिढीसमोर आदर्श. पत्रकातली वाक्यं आपोआप तोंडात येतात.

"बाय, त्यो संडासं साफ करायचा," आत्या म्हणाली. "डोंगरात छावनी. कावडीला दोन डबे, भरलेले. त्या कावडीनं खांदं गेलं शर्टाचं आनि त्याचं बी. सुट्टीवर आला की ह्योच शर्ट घालून पाटलाच्या दारावरनं जायचा. बटनं लावून, ताठ. पाटील इचारायचा, काय रे, साहेब झालास काय? त्यो म्हनायचा, न्हाय, पगारी मानूस झालो."

तिने बाही चिमटीत धरली. "त्याला लाज न्हवती वाटत. तुला वाटली."

मी फीत उसवायला घेतली. टाके सुटले तसं विरलेलं कापडही सुटत गेलं. भोकांच्या तीन तिरक्या रांगा राहिल्या, दोन ठिकाणी फाटलं. तेव्हा मला कळलं की मी काय केलं आहे. उद्या माझ्यासारखाच कोणी जाणकार हा शर्ट हातात घेईल आणि बाही बघून म्हणेल, याला फीत होती, ती काढून घेतली. म्हणजे हा शिक्षा झालेला हवालदार. ज्याला कधी डाग लागला नव्हता, त्याच्यावर मी गुन्हा शिवून ठेवला होता.

"आत्या, रफू करून देते."

"नको. आनखी भोकं पाडशील." तिने शर्ट घडी करून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "चिठ्ठी लिव. खिशात ठेवते. मी गेल्यावर नातवंडांनी तुजं खरं मानायला नको."

मी लिहिलं. तिने मोठ्याने वाचायला लावलं, 'सफाई कामगार' हा शब्द दोनदा. माझी सही घेतली. मग मला चहा केला, तो मी प्यायले. तिच्याकडे बघवत नव्हतं.

शर्टात आता चिठ्ठी आहे. फोटोत नाही. ग्रुपवर मी दोनदा खुलासा टाकला. कोणीतरी अंगठ्याचं चिन्ह टाकलं, आणि खाली पुन्हा तोच फोटो, 'जय जवान' लिहून. एका बॅनरवरही तो छापला गेल्याचं ऐकते. लाइक मिळतात ते माझ्या खोटेपणाला, आणि आत्याच्या बापाने उचललेले डबे पुन्हा कोणाला दिसत नाहीत. याला माझ्याशिवाय कोणी जबाबदार नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. हिरवट शर्ट, उजव्या बाहीवर तीन पट्ट्या, मागे विहाराची निळी भिंत, असा फोटो तुमच्याकडे आला असेल तर नुसता पुसून टाकू नका. ज्याने पाठवला त्याला उलट पाठवा आणि खाली लिहा: हा माणूस फौजेत सफाई कामगार होता. फीत त्याची नाही, ती नंतर एका बाईने लावली. आजच लिहा. आत्या अजून आहे, तिच्या नातवाच्या मोबाइलवर ते दुरुस्त होऊन परत आलेलं तिला बघायचं आहे.