क्वांटम मंडळ, मुक्काम नगर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं एका टेबलाभोवती बसवावीत, त्यांना धड न कळणारा एक विषय द्यावा आणि मधूनमधून चहा पाजावा. पुढचं ती माणसं बघून घेतात! आमच्या मंडळात विषय क्वांटम फिजिक्सचा होता आणि चहा मार्थाबाईंचा. चहाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. प्रमुख भालेराव सर. नगरच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवायचे, मुंबईचे एम.एस्सी., आणि आयुष्यात एकदाही विनोद न केलेला माणूस. मार्थाबाई त्यांच्या पत्नी, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. नवऱ्याच्या वाटचे विनोदही त्याच करायच्या. तिसरे रसाळ वकील. त्यांना फिजिक्स कळत नव्हतं, पण कोर्टात कधीतरी वापरता येईल अशी आशा होती. चौथा मी, सरांच्याच शाळेच्या प्रयोगशाळेतला डेमॉन्स्ट्रेटर, नवा कोरा बी.एस्सी.

सरांना संशोधन करायचं होतं. एक तरी स्वतःचं संशोधन दाखवलं की विद्यापीठ आपल्याला मार्गदर्शक म्हणून मान्यता देईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. नियमात शाळामास्तर बसत नव्हता. पण बसत नाही असंही कुठं लिहिलेलं नाही, हे रसाळ वकिलांचं मत. मान्यता मिळाली तर मी सरांच्या हाताखाली नगरातच एम.एस्सी. करणार होतो. नाही मिळाली तर वडिलांनी कर्जतच्या मामलेदार कचेरीत माझ्यासाठी कारकुनाची एक खुर्ची हेरून ठेवलेलीच होती. तिचा एक हात मोडका आहे, हेही त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

* * *

पंचेचाळीसच्या ऑगस्टपर्यंत नगरात फिजिक्सला कुणी विचारत नव्हतं. जपानवर बॉम्ब पडला आणि सरांना बाजारात नमस्कार मिळू लागले!

एका संध्याकाळी शेजारचे सावळेराम हात जोडून दारात उभे. "सर, तुमी शिकल्याली मानसं. काय फोडायचं ते फोडा, आमी न्हाई म्हननार न्हाई. पन आमच्या यमीचं लगीन वैशाखात हाय. त्येवडं हुंद्या आदी!"

सरांनी चष्मा काढला, गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "काळजी करू नका. वैशाखापर्यंत मला युरेनियम मिळणार नाही."

सावळेराम निर्धास्त होऊन घरी गेले.

* * *

मग विषय ठरवायची बैठक झाली. सरांनी फळ्यावर चार विषय लिहिले: इलेक्ट्रॉनचं विवर्तन, अतिशीत तापमानात धातूंचं वागणं, प्रकाशानं वीज कशी सुटते ते, आणि आकाशातून येणारे विश्वकिरण. युरोपातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा याच विषयांवर काम करत होत्या. त्यांच्याकडे यंत्रं होती. आमच्याकडे फळा होता.

पहिल्या विषयाला निर्वात नळी हवी, म्हणजे हवा ओढून काढायचा पंप हवा. मी सायकलच्या दुकानात गेलो. "हवा भरायचा नको, काढायचा पंप पाहिजे," म्हणालो. दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हवा काढाया पंप कशाला लागतोय? खिळा घिऊन जा की!"

पहिला विषय पुसला.

दुसऱ्याला निरपेक्ष शून्याच्या जवळपासची थंडी हवी. नगरात तेव्हा बर्फ यायचा तो लग्नाच्या ऑर्डरीवर, लाकडाच्या भुशात गुंडाळून, आणि मांडवात पोचेपर्यंत बराचसा भुसाच उरायचा. सर तरीही निरपेक्ष शून्याचं महत्त्व समजावून सांगत होते. मार्थाबाई कपबश्या उचलता उचलता म्हणाल्या, "अहो, आधी लिंबाच्या सरबताजवळ तर पोचा!"

दुसराही पुसला.

* * *

तिसऱ्या विषयात मात्र आम्ही जोरात होतो. एका टॉकीजनं टाकून दिलेला फोटोसेल सरांना मिळाला. त्याच्यावर प्रकाश पडला की वीज वाहते, प्रकाश अडला की थांबते. शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं. सरांनी फाटकाच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला सेल बसवला. प्रमुख पाहुण्यांनी मधला उजेड अडवला की घंटा वाजणार आणि वरची टोपली कलंडून त्यांच्यावर फुलं पडणार! रंगीत तालमीत हेडमास्तरांवर फुलं पडली. ते इतके खूश झाले की लगेच मागे जाऊन पुन्हा आत आले.

गॅदरिंगच्या दिवशी पाहुणे आले ते ऊन उतरताना. मावळतीचा सूर्य थेट सेलवर. दिवा अडला काय न अडला काय, सेलला पत्ताच नाही. ना घंटा, ना फुलं. सरांनी पाहुण्यांना नम्रपणे विनंती केली, "कृपया पुन्हा एकदा येता का?" पाहुणे भले गृहस्थ. ते पुन्हा आले. मग टोपी काढून आले. मग जरा आडवे होऊन आले. शेवटी हेडमास्तरांनी त्यांना हाताला धरून स्टेजवर नेलं.

भाषण रंगात आलं, सूर्य बुडाला, आणि फाटकातून एक म्हैस संथपणे आत शिरली. घंटा खणखणली. टोपली कलंडली. झेंडूच्या पाकळ्या पाठीवर घेऊन म्हैस मांडवाच्या मधोमध उभी राहिली.

पाहुण्यांनी भाषण थांबवलं. "विज्ञानाच्या मते प्रमुख पाहुणे आत्ता आलेले आहेत. तेव्हा मी खाली बसतो!"

* * *

रसाळ वकिलांना आमच्या चर्चेतली एकच गोष्ट पक्की कळली होती: इलेक्ट्रॉन नेमका कुठं आहे आणि किती वेगानं चाललाय, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अचूक सांगता येत नाहीत. ही गोष्ट त्यांनी कुठं वापरावी? घोडेगावच्या बाजारात उधळलेल्या बैलाच्या खटल्यात!

बैलानं एका कुंभाराची मडकी फोडली होती आणि वकीलसाहेब बैलाच्या मालकातर्फे. साक्षीदार म्हणाला, "बैल लिंबापाशी हुता, अन् लई जोरात पळत हुता." रसाळ उसळून उठले. "साहेब, साक्षीदार खोटं बोलतोय! बैल कुठं होता हे त्याला ठाऊक असेल, तर बैलाचा वेग त्याला ठाऊक असूच शकत नाही! युरोपातल्या विद्वानांनी हे सिद्ध केलंय!"

मॅजिस्ट्रेटनी टाक खाली ठेवला. "म्हणजे दोन गोष्टी एकदम निश्चित सांगता येत नाहीत म्हणता?"

"मुळीच नाही, साहेब!"

"ठीक आहे. मग दंड किती, ते मी निश्चित सांगतो. तो का, ते विचारू नका."

* * *

लढाई संपल्यावर लष्करातलं उरलंसुरलं सामान नगरच्या बाजारात विकायला यायचं. बूट, ब्लँकेटं, दुर्बिणी. सरांनी तिथून एक मनगटी घड्याळ घेतलं. त्याच्या आकड्यांना रेडियमचा रंग होता, अंधारात हिरवट चमकायचा. रेडियममधून किरण सतत बाहेर पडतात, त्यातला कुठला अणू कधी फुटेल ते देवालाही सांगता येत नाही, असं सर सांगायचे. वर लगेच "देवाबद्दल मी जरा जास्त बोललो" म्हणून माफीही मागायचे. ते घड्याळ त्यांनी कधी कुणाच्या हातात दिलं नाही.

एकदाच काढून ठेवलं, ते भलत्या जागी. आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्यानं फोटो ज्यांच्यावर उमटतो त्या कोऱ्या काचांचं पुडकं सरांच्या कपाटात ठेवायला दिलं होतं. सर तापानं अंथरुणाला खिळले, आणि तितके दिवस घड्याळ त्या पुडक्यावर पडून राहिलं. पुढं त्यातल्याच एका काचेवर एका लग्नाचा फोटो निघाला. काच धुऊन फोटो छापतात तो नवरदेवाच्या डोक्यामागं पांढरं धुरकट वलय! जावई आबकारी खात्यातला. त्याच्याबद्दल गावात जे बोललं जायचं त्यात वलयाला कुठंच जागा नव्हती.

फोटोवाला रडकुंडीला आला. सर माफी मागायला स्वतः मुलीच्या बापाकडे गेले. बापानं फोटो उजेडात धरून निरखला. "असू द्या. ह्याच्याच आणखी दोन कॉप्या काढा. व्याह्यांना पाठवतो."

* * *

आता चौथा विषय: विश्वकिरण. त्यासाठी सरांनी एक विद्युतदर्शक बनवला. काचेच्या पेटीत सोन्याचं पातळ पान. पानाला वीज दिली की ते उठून उभं राहतं. कुठलेही किरण पेटीतून गेले की वीज गळते आणि पान हळूहळू खाली पडतं. किती वेळात पडलं ते मोजायचं, एवढंच काम. आणि ते यंत्र, खरं सांगतो, इतकं देखणं झालं होतं की रसाळही त्याच्याजवळ हळू आवाजात बोलायचे.

खोलीत अंधार करून, छोट्या दिव्यानं पानाची सावली भिंतीवर पाडायची. मी खेळाच्या तासाचं स्टॉपवॉच घेऊन बसायचो, रसाळ आजोबांचं खिशातलं घड्याळ काढायचे. सर मात्र पेटीला खेटून बसायचे, मनगट नाकाशी धरून, एक डोळा पानावर आणि एक काट्यावर.

आणि विलक्षण गोष्ट घडली. मी बघत असलो की पान सावकाश पडायचं. रसाळ बघत असले की सावकाश. सर बघायला बसले की दुप्पट वेगानं!

सरांनी खोली बदलली. दिशा बदलली. उपास करून पाहिला. पान काही ऐकेना. शेवटी त्यांनी फळ्यावर नवा विषय लिहिला: 'निरीक्षकाच्या मनाचा किरणांवर होणारा परिणाम'. बघणाऱ्यामुळं बघितलेली गोष्ट बदलते हे क्वांटममध्ये होतंच. ते साक्षात नगरात सापडलं होतं!

मार्थाबाई म्हणाल्या, "यांच्या मनाचा परिणाम होतो म्हणे! इतकी वर्षं पाण्याच्या रिकाम्या घागरीवर नाही हो झाला तो कधी."

* * *

पक्की खात्री करायला आम्ही भंडारदऱ्याला गेलो. जमिनीतल्या दगडांतूनही थोडे किरण निघतात. धरणाच्या पाण्यात मधोमध गेलं की ते पोचत नाहीत, नुसते आकाशातले उरतात. नाववाल्याला सरांनी हे सगळं रीतसर समजावलं.

"म्हंजी जमिनीतून बी किरनं येत्यात?"

"येतात."

"अन् आमी जल्मापासून जमिनीवरच झोपतोय की!" त्यानं वल्हं थांबवलं. सरांनी धीर दिला, की प्रमाण अगदी नगण्य आहे. तो काही पटल्यासारखा दिसेना. "तुमी लांबून मोटारीनं, बोटीनं येवडं पळून पान्यात आलात, अन् आमाला म्हंता काय न्हाई?"

मी घोंगडीखाली शिरून मोजलं. पान जमिनीवरच्यापेक्षाही सावकाश पडलं. मग घोंगडीखाली सर शिरले. पान झपाट्यानं पडलं! सर घामाघूम होऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कर्जतची ती खुर्ची मला फार लांब गेल्यासारखी वाटली.

* * *

सरांनी विद्यापीठाला कळवलं आणि पुण्याहून एक वयस्कर प्रोफेसर पाहणीला आले. बारीक अंगाचे, मितभाषी. मान्यता त्यांच्याच शब्दावर होती. मार्थाबाईंनी चिवडा केला. रसाळ काळा कोट घालून आले, का ते कुणी विचारलं नाही.

खोलीत अंधार केला. आधी मी मोजलं: पान सावकाश. मग सर बसले: पान भराभर खाली. रसाळ म्हणाले, "साहेब, पुरावा डोळ्यांसमोर आहे!"

 प्रोफेसर सरांच्या बसण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भालेराव, आता तुम्ही घड्याळ काढा आणि बाईंच्या हातात बांधा. तुम्ही नुसतं पान बघा. मन लावून बघा."

बाई घड्याळ घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. सरांनी मन लावून बघितलं. पान ढिम्म. मग हललं ते माझ्यासारखंच, सावकाश. 

"आता बाई, तुम्ही बसा इथं. मनगट अस्सं, पेटीजवळ धरा."

"मला यातलं काही कळत नाही हो."

"तेच हवंय."

मार्थाबाई बसल्या. पान भराभर खाली आलं.

मला पुन्हा ती मोडक्या हाताची खुर्ची दिसायला लागली. पण खरं वाईट वाटलं ते सरांचं. ते एकदा पानाकडे बघत होते, एकदा बायकोच्या मनगटाकडे. रसाळांनी कोट काढून घडी घातली. फळ्यावर तो विषय अजून सरांच्या वळणदार अक्षरात तसाच होता.

प्रोफेसरांनी दिवा लावला. वाकून पेटी चारी बाजूंनी बघितली, पानाला न लागेल अशा बेतानं काचेवर बोट टेकवलं. "एवढ्याशा रेडियमला ओळखतं हे! कुणी बनवलं?"

"मीच," सर म्हणाले, गुन्हा कबूल केल्यासारखे.

"असं यंत्र आमच्याकडे पुण्यात नाही. फळ्यावरचं तेवढं पुसा. हे यंत्र आणि हा विद्यार्थी, दोन्हींबद्दल मी चांगलं लिहीन." मग त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "चला, माझी गाडी चुकेल. किती वाजलेत?"

आम्ही सगळ्यांनी मार्थाबाईंच्या मनगटाकडे बघितलं. वेळ बघायची ती नेहमी सरांनीच, म्हणून बाईंनी सवयीनं हात त्यांच्या पुढं केला.

सर झटकन मागं सरकले. "मार्था, तूच सांग! मी बघितलं की सगळं दुप्पट पळतं!"