दीपालीचं बोलणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय, तेही नीट माहीत नाही.

दीपाली जामबागेत आमच्याच बिल्डिंगमध्ये वर राहायची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सीएची इंटर मी तिसऱ्या खेपेला काढली होती, रडतकढत. ही पहिल्याच खेपेला दोन्ही ग्रुप पास झाली — आणि पेढे घेऊन आधी माझ्याकडे आली. मी तेव्हा आबिड्सला एका सीएंकडे आर्टिकलशिप, म्हणजे तीन वर्षांची उमेदवारी, करत होते. सरांना माझ्यासाठी विचाराल का, म्हणाली. तिच्या घरात या लाइनीतलं कुणीच नव्हतं. मी हो म्हटलं — तेव्हा तरी मनापासून.

तिला घेऊन गेले, तर बाहेरच्या खोलीत कापडाचे एक म्हातारे व्यापारी बसलेले. त्यांच्याकडे खरेदीची बिलं मागून मागून मी थकले होते. दीपाली शेजारी बसली आणि म्हणाली, "चाचा, बिलां नै दिये तो ताई कू सर घर नै जाने देते." ते हसले — आणि तिथूनच दुकानात फोन लावला. थोड्या वेळात बिलांची पिशवी आली. मराठी, दखनी उर्दू, तेलुगू, सगळं एकाच वाक्यात कालवून बोलायची ती, आणि लोक तिचं ऐकायचे. सर केबिनच्या दारातून कौतुकानं बघत होते. माझ्याकडे त्यांनी असं कधी पाहिलं होतं?

संध्याकाळी सरांनी मला विचारलं, मुलगी तीन वर्षं टिकेल ना? हो म्हणायचं होतं फक्त. एवढंच.

"घरी स्थळं बघतायत, सर," मी म्हणाले. "वर्षभरात लग्न होईल."

एकही स्थळ नव्हतं. सरांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

इथंच संपलं असतं तर — पण नाही. तिनं मला जिन्यात गाठलं.

"ताई, मी कुठं कमी पडले?"

जागा भरली, असं सांगता आलं असतं. पण मला ते चाचा हसताना दिसत होते.

"तुझं बोलणं," मी म्हटलं. "असलं खिचडी बोलणं ऑफिसात चालत नाही."

तिनं माझे आभार मानले. मग इंग्रजीचा क्लास लावला, कितीतरी महिने घरीच बसली, शेवटी एका लहानशा फर्ममध्ये लागली. सीए झाली. झाली — म्हणून माझं काही धुऊन निघतं का? आता ती मोजून बोलते, आणि समोरच्याकडे बघत नाही.

गेल्या महिन्यात नामपल्लीला एका कॉलेजात आम्हा दोघींना बोलावलं होतं. कॉमर्सच्या मुलांना सांगायचं होतं, या लाइनीत सुरुवात कशी करायची. एका मुलीनं उठून मराठी-दखनी मिसळत भरभर विचारलं — आर्टिकलशिपसाठी ओळख नसेल तर काय करायचं? दीपाली म्हणाली, "आधी बोलणं सुधार. घरची भाषा बाहेर आणू नकोस. मला हे या ताईंनी वेळेवर सांगितलं."

ती मुलगी ओशाळून खाली बसली. बाकीच्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले आणि हात जोडले.