टोपवालीकडचे फोटो

तिला सगळे टोपवाली म्हणत. आजारपणात, औषधांच्या माऱ्यानं ज्यांचे केस गेले, त्यांच्यासाठी ती केसांचे टोप बनवायची. नाव ऐकून एकदोघी खरंच भांडी घ्यायला येऊन गेल्या होत्या. "स्वयंपाकाचा नाही हो, डोक्याचा," असं सांगताना तिला हसू आवरायचं नाही.

काम घराच्या पुढच्या खोलीतच चाले. खिडकीपाशी एक लाकडी डोकं, त्यावर ताणून बसवलेली जाळी आणि हातात बारीक आकडी. एकेक केस जाळीतून ओढायचा, गाठ मारायची. एका टोपाला महिना सहज लागे. गिऱ्हाईक मात्र दारात फारसं यायचं नाही. केस गेलेल्या माणसाला चारचौघांसमोरून जाणं नको असतं. म्हणून धाकट्या जावेनं वेबसाइटचा हट्ट धरला. माणसानं घरबसल्या मापं भरायची, आधीच्या केसांचा एक फोटो आणि आताच्या डोक्याचा एक फोटो पाठवायचा, टोप कुरिअरनं घरी. साइट उभी करून दिली दिराच्या ओळखीतल्या एकानं. घरात त्याला साइटवाला म्हणायचे. पुढं रोजची देखभाल धाकटीकडे आली.

धाकटीचं एक टुमणं कायम असे. "ताई, अपडेट कधीचं आलंय. एक दिवस साइट बंद ठेवू या. आणि त्या साइटवाल्याचं खातं अजून चालू आहे. काम संपलं ना त्याचं? काढून टाकू."

"अगं, त्यानंच बांधली ती साइट. काढलं आणि काही अडलं तर कुणाकडे जायचं? चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?"

थोरलीचा शब्द घरात चालायचा. खातं तसंच राहायचं.

एके सकाळी फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, एका शाळेतल्या बाई. आवाज अगदी दबका.

"तुम्ही मला मेल पाठवलीत का?"

"नाही बाई. कसली मेल?"

"त्यात माझा फोटो आहे. टकलाचा. खाली लिहिलंय, या लिंकवर आजच्या आज पैसे भरा, नाहीतर ऑर्डर रद्द." मग त्या म्हणाल्या, "शाळेत कुणालाच माहीत नाही हो. मी जिन्यात उभी राहून बोलतेय. हा फोटो आणखी कुणाकुणाला गेलाय?"

टोपवालीनं आकडी खाली ठेवली. "पैसे भरू नका. लिंकला हात लावू नका. मी बघते आणि तुम्हाला फोन करते."

धाकटी तोवर कॉम्प्युटरपाशी बसलीही होती. पासवर्ड टाकला. चूक. सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. पुन्हा चूक. तिचा चेहरा उतरला.

"ताई, कुणीतरी आत शिरलंय. पासवर्ड बदलून मलाच बाहेर काढलंय."

"म्हणजे आत्ता या क्षणी तो आतच आहे?"

"हो. आणि मेल अजून जाताहेत, प्रत्येकीची प्रत मला येतेय."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. तो संपतो न संपतो तोच तिसरा. गडबड ऐकून दीर आतून आला. सगळं ऐकल्यावर तो दार लोटून घेत म्हणाला, "वहिनी, कुणाला काही बोलू नका. साइट बिघडलीय एवढंच सांगा. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोभाटा झाला तर उद्या कोण येणार आपल्याकडे?"

तो चुकीचं बोलत होता असं नाही. इतक्या वर्षांचं नाव होतं.

"मूठ माझी असती तर झाकली असती, भावजी. आत फोटो त्यांचे आहेत."

ज्या कंपनीच्या यंत्रांवर साइट ठेवलेली होती, तिथं धाकटीनं फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, बंद करतो, पण नोंद तुमच्या नावावर नाहीये. ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या मोबाइलवर कोड जाईल. तो सांगा."

नोंद साइटवाल्याच्या नावावर होती. आणि साइटवाला फोन उचलेना. दीर स्कूटर काढून त्याला आणायला गेला.

टोपवालीनं आपला मोबाइल घेतला आणि गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. "आमच्या साइटवर चोर शिरलाय. तुमचा फोटो त्याच्या हाती लागला असेल. आमच्या नावानं मेल आली तर पैसे भरू नका." दर वेळी तेच बोलायचं. एक गृहस्थ म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, मी भरतच होतो." पण एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो फोटो मी माझ्या नवऱ्यालासुद्धा दाखवला नव्हता. तुम्ही जपाल म्हणून तुम्हाला दिला."

"चूक माझीच आहे," टोपवाली म्हणाली. फोन केव्हाच कट झाला होता.

साइटवाला आला तो हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून. धाकटीनं कोड मागवला आणि त्याच्याकडे हात पुढं केला. त्यानं खिसे चाचपले.

"तो जुना नंबर आहे. सिम घरी आहे, दुसऱ्या फोनात."

त्यानं बायकोला फोन लावला. फोन कपाटात सापडला, पण चार्जिंग संपलेलं. चार्जर सापडेना. धाकटीच्या मोबाइलवर कंपनीचं संगीत तेवढं वाजत होतं. अखेर फोन सुरू झाला, बायकोनं आकडे वाचले, आणि पलीकडचा मुलगा म्हणाला, "सॉरी मॅडम, याची मुदत संपली. दुसरा पाठवतो."

दुसरा कोड आला. बायकोनं घाईत शेवटचे आकडे उलटसुलट वाचले. "अगं, हळू वाच!" साइटवाला ओरडला. तिसऱ्या खेपेला जमलं.

"साइट बंद केलीय, मॅडम."

धाकटीनं पान उघडून पाहिलं. कोरं पांढरं. मेल जाणं थांबलं. तिनं डोकं टेबलावर टेकलं आणि तिला रडू फुटलं.

चोर साइटवाल्याच्या खात्यातून शिरला होता. साइटवाल्यानं एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरला होता आणि त्यातल्या कुठून तरी तो फुटला होता. धाकटी त्याच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात थोरलीनं तिचा हात धरला. "त्याला बोलू नकोस. खातं काढून टाकू म्हणून तू सांगत होतीस. नको मीच म्हटलं."

पोलिसांत तक्रार झाली. चोर सापडला नाही. गेलेले फोटो परत आणायचे तरी कुठून? धाकटीनं साइटची एक स्वच्छ प्रत वेगळ्या डिस्कवर जपून ठेवली होती, तिच्यावरून सगळं नव्यानं उभं केलं. नोंद टोपवालीच्या नावावर आली. दोघींची खाती वेगळी, पासवर्ड वेगळे, शिवाय आत शिरताना मोबाइलवर कोड. अपडेट आलं की त्याच दिवशी. टोप पोचला की फोटो कायमचा पुसायचा. तरी काही ऑर्डरी गेल्याच. फोन कट करणाऱ्या त्या बाई पुन्हा कधी बोलल्या नाहीत. टोपवालीनं त्यांना आणखी एकदा फोन करून पाहिला, मग नाद सोडला.

शाळेतल्या बाई मात्र एका दुपारी स्वतःच दारात आल्या. खुर्चीत बसून त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला.

"फोटो कुठं तरी दिसेल या धास्तीनं झोप लागेना. शेवटी मीच शिक्षकांच्या खोलीत उभी राहिले आणि सांगून टाकलं."

"मग?"

"एकजण इतकी रडायला लागली की मलाच तिची समजूत काढावी लागली."

दोघी हसल्या. टोपवालीनं त्यांचाच अर्धवट झालेला टोप जाळीसकट उचलून त्यांच्या डोक्यावर बसवला, कानापाशी बोटानं चाचपला आणि आरसा पुढं धरला. बाईंनी मान दोन्हीकडे वळवून पाहिली.

"डावीकडे जरा सैल होतोय," त्या म्हणाल्या.

"घेते आत," टोपवाली म्हणाली, आणि तिनं टाचणीनं खूण केली.