आईचं मोडी

आईसारखं मोडी लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आधी ती कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची. मग बोरू टेकवला की शाई संपेपर्यंत उचलायची नाही. एक अक्षर संपतं कुठं नि पुढचं सुरू होतं कुठं, शोधून सापडायचं नाही. मला तिनं ते राखेत बोटानं गिरवून शिकवलं.

लग्न होऊन मी शहागडहून जालन्याला आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सासरे उर्दू शिकलेले, नवऱ्याला फक्त शाळेतली बाळबोध लिपी येई. आईचं पत्र घरात कुणालाच वाचता येत नसे, हे माझं मोठं सुख. सासरे कागद लांब धरून म्हणायचे, "समजत न्हाई, पन हात बिलकुल साफ हाये." मी उत्तरात सासूबाईंची गाऱ्हाणी बेधडक लिहायची.

श्रावणात मी दिवस गेल्याचं कळवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बोलावणं माहेरानं धाडायचं, ही रीत. आईची पत्रं येत राहिली, तेच देखणं अक्षर. शेळी व्यायली, कापूस बरा आहे. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "काय म्हनते माय?" चौथ्या पत्रात मी तडकून लिहिलं, की माझं ओझं होत असेल तर तसं स्पष्ट सांग. त्यावर उत्तर आलं, कडबा रचून झाला. मी ते पत्र फेकून दिलं.

सातवा लागला, तशी मी बोलावण्याविनाच नवऱ्याला घेऊन मोटारीत बसले. भांडायचं ठरवूनच निघाले होते. शहागडला भाऊ भेटला. मान खाली घालून म्हणाला, "उन्हाळ्यापासून तिला दिसत न्हाई. तुला सांगू नको म्हनून शपथ घातल्ती."

त्यानंच सांगितलं, कागदाला घड्या पाडून, त्या अंगठ्यानं चाचपत ती लिहायची. बोरू उचलायचाच नसल्यानं हात वाट चुकत नव्हता. मला तिचा केवढा अभिमान वाटला, आणि स्वतःची तेवढीच लाज. भावाला मोडी येत नव्हतं, आणि लेकीचं पत्र परक्याकडून वाचून घ्यायला ती तयार नव्हती. माझी लेक येईल तेव्हा वाचील, म्हणायची.

आई खाटेवर बसली होती. तिनं माझा चेहरा चाचपला, खांदे चाचपले, आणि हात पोटावर येऊन थांबला.

"कळवलं का न्हाईस, बाई?"

"श्रावणातच लिहिलं, आई."

तिनं उशाखाली हात घालून पत्रांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"ह्यातलं कोन्तं ते?"